मंगळवार सोडून

हितेंद्र रस्त्यावर उभा राहून गाड्या मोजतो, त्यावरच त्याचं घर चालतं. टॉवर उठायचा म्हटला की आधी आजूबाजूची रहदारी मोजावी लागते. कुठल्या वारी, कुठल्या वेळी मोजायची ते साहेब ठरवतात, नि उन्हात उभा राहतो हितेंद्र.

गेल्या वर्षी टॉवर आला तो नेमका त्याच्याच प्रभादेवीच्या गल्लीत. गाड्यांचं गेट गल्लीत काढायचं की मोठ्या रस्त्यावर, हे मोजणीवर ठरणार होतं. त्याच गल्लीत त्याची आई, मालन, दूर्वा-जास्वंद घेऊन बसायची. धंदा काय तो मंगळवारी. सिद्धिविनायकाची गर्दी गल्लीत शिरली की पाय ठेवायला जागा नसायची. बाकीचे दिवस नुसत्या माश्या मारायच्या.

"तू इथलाच ना रे? कुठला वार धरू?" यशोधन साहेबांनी विचारलं.

गडी फुशारला. "मंगळवार सोडा सर, तो काय साधा वार नाय. बुधवार घ्या. सकाळ-संध्याकाळ, ऑफिसच्या टायमाला."

नियमाला धरूनच होतं ते. पण खरं सांगायचं तर मंगळवारी सकाळी दादरच्या फुलबाजारातून आईची टोपली त्यालाच आणावी लागे. त्याला सुट्टी हवी होती, बस्स. आपण कोणाच्या मुळावर येतोय, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

बुधवारी गल्लीत कुत्रंही फिरकलं नाही. गेट गल्लीतच मंजूर झालं.

गल्लीकरांनी हरकत घेतली. सुनावणीला मालन हात जोडून उभी राहिली. "साहेब, एकदा मंगळवारी येऊन बघा."

"मावशी, मंगळवार म्हणजे अपवाद. अभ्यासाला साधा दिवसच धरतात," यशोधन साहेबांनी समजावलं. मागच्या खुर्चीत हितेंद्र मान खाली घालून बसला होता. आता तोंड उघडून तरी काय होणार होतं? बाण सुटला होता.

आता गेट झालंय. मालनच्या जागेवरून गाड्या आत जातात. वॉचमन बिचारा भला आहे, पण तो तरी काय करणार? ती पलीकडे गटाराच्या कडेला बसून बघते, पण गिऱ्हाईक तिकडे वळत नाही.

परवाच्या मंगळवारी भरलेली टोपली तशीच उचलून दोघं घरी निघाली. जास्वंदी मलूल पडल्या होत्या. चालता चालता मालन म्हणाली, "तुज्या सायबान निदान तुका तरी इचारूक व्हया होता रे, झिला."

हितेंद्र "हां" म्हणाला आणि चालत राहिला.