आईच्या गाडीची डबल बेल

सिंदी रेल्वे ते नाचणगाव एवढ्याशा प्रवासासाठी कुणी सुट्टी काढत नाही. मी काढली, तीही पुण्याहून येऊन.

आई गेल्यापासून तिची छोटी गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती आणि बाबा घरात. आई शिक्षिका, पन्नाशीत गाडी चालवायला शिकली. बाबा एसटीतले निवृत्त कंडक्टर. स्टिअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही, पण आईशेजारी बसले की चारी दारं तपासायचे आणि डॅशबोर्डवर बोटांनी टक-टक वाजवायचे. त्या डबल बेलशिवाय आई गाडी हलवत नसे. शेजारीपाजारी हसायचे, या दोघांना फरक पडायचा नाही. दर हिवाळ्यात ते असेच नाचणगावला आत्याकडे ओल्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात खायला जात. यंदा आई गेल्यावर आत्याचे गुडघे तिला भावाला भेटायला सिंदीला येऊ देईनात. शेवटी बाबाच फोनवर म्हणाले, "एकदा तिले भेटून येऊ, मंग गाडी इकून टाक."

मला गाडी विकायची नव्हती. गाडी गेली की बाबा घराबाहेर पडणारच नाहीत, हे मला दिसत होतं.

आदल्या दिवशी मी गाडी घासूनपुसून लख्ख केली. ड्रायव्हरच्या दाराच्या फटीत एक मळकट चिंधी चिकटलेली होती, ती सुरीनं खरवडून फेकली आणि स्वतःवरच खूश झाले.

सकाळी किल्ली फिरवली तर समोर लाल दिवा. उघड्या दाराचं चित्र.

बाबा उतरले. चारी दारं आपटली, डिक्की आपटली. दिवा तसाच.

"बाबा, दारं बंद आहेत. दिवाच खोटा आहे."

"तो काऊन खोटं बोलीन?" ते म्हणाले. बेल काही वाजली नाही. बेलशिवायच मी गाडी काढली, आणि मला फार चुकल्यासारखं वाटलं.

सेलूपर्यंत कापसाच्या गाड्या लागतात, तेव्हा या दिवसांत ओव्हरटेकची घाई करू नका. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकलेला असतो. आई शाळेतल्या मुलांच्या हस्तकलेसाठी तो गाडी थांबवून काढायची. सेलूत तर्रीपोहे खाल्ले. दोन प्लेट घेतल्या तरी खिशाला कळत नाही, जिभेला मात्र दुपारपर्यंत कळतं.

पवनारला धामच्या पुलाअलीकडे बाबा म्हणाले, "थांबव. उघड्या दारानं गाडी नेली नाई मी कधी. परत चाल."

मी उतरले. तुमच्याही गाडीत हा दिवा लागला तर आधी पट्टा दारात अडकलाय का ते पाहा. नसेल अडकला, तर दाराच्या चौकटीत रबरी टोपीचं बटण शोधा. दार लागलं की ते दाबलं जातं आणि दिवा विझतो. मी एकेक दार उघडून बटण बोटानं दाबत गेले. बाबा आत बसून दिव्यावर लक्ष ठेवून होते.

ड्रायव्हरच्या दाराशी आले तसे बाबा आतून ओरडले, "गेला! बोट काढ... लागला."

म्हणजे दार पक्कं लागत होतं, पण बटणापर्यंत पुरत नव्हतं. मी दार ओढून-ढकलून दाखवलं. बाबांना ते पटलं, पण भीती गेली नाही. ते उठून माझ्या मागच्या सीटवर बसले, सीट आणि दारामधल्या फटीतून हात पुढे घातला आणि माझ्या दाराची मूठ घट्ट धरली. वर्धा गेलं, देवळीचा फाटा गेला, पुलगाव आलं. हात निघाला नाही. मला हसू येत होतं आणि रडूही.

आत्या दारातच उभी होती. "जय भीम, भाऊ! लय वाट पाह्यली गा." मग मागच्या सीटकडे पाहून म्हणाली, "अन् मांग काऊन बसला?"

बाबांनी दिव्याचं सगळं सांगितलं. आत्या तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"बाई, तिथं एक चिंधी होती ना?"

"ती मी काल काढून टाकली," मी म्हणाले.

"मागच्या सालीच तं वहिनीनं लावलती! इथूनच निघताना हा दिवा लागला. हा भाऊ म्हणे, मी एसटीनं जातो. वहिनीनं याले चाय पाजाले आत धाडलं, चिंधीची घडी करून बटनापाशी चिकटवली. म्हणे, याले सांगू नोको, नाई तं परत उतरून बसन."

"मले वाटलं, मी जोरात आपटलं म्हणून गेला दिवा," बाबा हळूच म्हणाले.

आत्यानं आतून वाकळ आणली. बाबांच्या जुन्या वर्दीचे खाकी तुकडे त्यात जागोजागी होते. "चिंधी याच कपड्याची होती," म्हणत तिनं एका तुकड्याची शिवण उसवायला घेतली. बाबांनी तो हातात घेतला, बराच वेळ अंगठ्यानं चोळत राहिले. मग स्वतःच घडी घातली आणि चपलेच्या सोल्यूशननं दाराच्या फटीत, बटणासमोर बसवली. ते वाळेपर्यंत आम्ही सोलेभात खाल्ला. बाबांनी आईच्या नावाचं एक ताट वाढायला लावलं आणि तेही स्वतःच संपवलं.

निघताना मी दार ओढलं. दिवा विझला. बाबा पुढे, माझ्या शेजारी बसले. चारी दारांकडे मान वळवून पाहिलं. मी गिअर टाकला नाही, थांबले.

टक-टक.

आत्या डोळे पुसत हात हलवत होती.

ऊन कलायच्या आत सिंदीला पोचलो. अंगणात शिरताच बाबांनी डॅशबोर्डवर एकदाच टक केलं, एसटीत गाडी थांबवायला करतात तसं. मी ताडपत्री घालायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. हवा लागू दे गाडीले."

पुण्यात माझ्या गाडीची सगळी दारं नीट लागतात. तरी रोज सकाळी किल्ली फिरवून मी थोडी थांबते. काल बाबांचा फोन आला, "होळीले येजो. ड्रायव्हरबिगर गाडी खोळंबून राह्यली."