शेजारणीची होडी

मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी आमच्या पडवीच्या भिंतीवर एक होडी टांगलेली होती. खाडीच्या पाण्यात उभी, मागे चार माड, पाण्यात त्यांची हलती सावली. चित्र शेजारच्या ताईने काढलेलं. तेव्हा आमच्या वाडीत रीतच होती. ज्या घरी मुलगी दाखवायची, त्या घरी वाडीतल्या सगळ्या पोरींचं भरतकाम, विणकाम, मण्यांचे पोपट गोळा व्हायचे आणि पाहुणे गेले की संध्याकाळी आपापल्या घरी परत जायचे. त्यात कुणाला लबाडी वाटत नसे. आपली पाळी आली की तेच पोपट आपल्याकडे येणार होते.

मी मात्र एक पाऊल पुढे गेले. होडीखाली कोपऱ्यात माझं नाव घातलं. तेही तिरकं, मोठ्या कलावंतासारखं. मुलाने विचारलं, "हे तुम्ही काढलंत?" तर ही बया मान खाली घालून म्हणते, "हो. पाण्याला फार वेळ लागतो." पाण्याला! शाळेत माझ्या कागदावरचा घोडा बघून मास्तरांनी "बकरी छान आलीय" म्हटलं होतं.

मुलाने होकार दिला, तो चित्रासकट. ताई भली बाई. म्हणाली, "असू दे, आहेर समज." तेव्हापासून ती होडी आमच्या हॉलमध्ये आहे, आणि आल्यागेल्याला आमचे हे सांगतात, "हिच्या हातात कला होती हो. संसारात राहून गेली." तेवढ्यात मी चहा टाकायला आत जाते. हॉलमध्ये कुणी भिंतीकडे बघायला लागलं की मला चहाची आठवण होते. आमच्याकडे लोकांना फार चहा प्यावा लागला आहे.

मागच्या वर्षी ह्यांनी मला न विचारता चित्रकलेच्या शिकवणीत माझं नाव घातलं. "अगो, तुझं राहून गेलं ना, आता शीक," म्हणाले, आणि डोळे पुसले. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, आधी एक बरी होडी काढायला शिकू, ती ह्यांच्या हातात ठेवू आणि मग खरं काय ते सांगू. रिकाम्या हाताने कसं सांगायचं?

शिकवणी रविवारी सकाळी, भाट्याला एका मुलीच्या घरी. मास्तरीण माझ्या थोरल्या नातीच्या वयाची. विद्यार्थी म्हणजे सातआठ शाळकरी मुली, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि मी. पहिल्या दिवशी तिने खोडरबर काढून घेतला आणि म्हणाली, "आजी, पानभर रेघा मारा. हात खांद्यातून फिरू दे, मनगटातून नको." रेघा झाल्या, मग गोल. माझे गोल तिने पान फिरवून फिरवून बघितले, तेव्हा मीच म्हटलं, "तव्यावर टाकलेस तर बरे फुगतील."

मग समोर तांब्या ठेवला. तांब्याचं तोंड गोल असतं हे मला जन्मापासून माहीत. मी काढलं गरगरीत गोल.

"आजी, पोट समोरून बघितलंत आणि तोंड वरून. एकाच वेळी दोन जागी बसला होतात का?"

"संसार केलाय गो. बसावं लागतं."

ती हसली, पण सोडलं नाही. सहा तांबे काढून घेतले. सावली मी दोन्ही बाजूंना दिली, म्हणजे कुणाचा वाद नको. तीही तिने पकडली. "उजेड कुठल्या खिडकीतून येतोय ते आधी बघा."

एकदा माझ्या पानावर वाकून तिने विचारलं, "हे ठिपके कसले?" तांब्या काढायच्या आधी मी पानभर सारखे ठिपके घातले होते. म्हटलं, "रांगोळीचा हात आहे माझा. ठिपक्यांशिवाय सुटत नाही." वाटलं, आता ओरडणार. तिने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "ठिपके राहू देत. फक्त सारख्या अंतरावर नकोत. वस्तू जिथे वळते तिथे घाला."

त्या दिवशी मला पहिल्यांदा तांब्याचा खांदा दिसला. घासून घासून झिजवलेला तांब्या, आणि त्याला खांदा आहे हे मला ठाऊक नव्हतं!

घरचा अभ्यास म्हणून बांगडा काढला. डोळा, पाठीवरचे पट्टे, शेपटी. जिथे वळतो तिथे ठिपका. तेवढा वेळ तो ओट्यावर थांबला, मग तव्यावर गेला. वही मी तांदळाच्या डब्यामागे ठेवायची. हे विचारायचे, "दाखव की." मी म्हणायची, "बाईंकडे आहे."

श्रावणात एका सकाळी बघते तर हे स्टुलावर चढून होडीशेजारी खिळा ठोकताहेत. "गणपतीला मुंबईची सगळी येतील. तुझं नवं चित्र इथे लावू."

आणि माझ्याकडे काय? तांबे आणि बांगडा. होडीचा पत्ता नव्हता.

"अहो, खाली उतरा आधी," मी म्हटलं. ते उतरले. "ती होडी माझी नाही. शेजारच्या ताईची. नाव तेवढं मी घातलं."

ते होडीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "म्हणजे मी होकार दिला तो कुणाला?"

"ते तुम्ही ठरवा. ताई विरारला असते. गुडघे गेलेत तिचे."

एरवी हसले असते. हसले नाहीत. हातोडी जागेवर ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. दोन दिवस बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "दार लावून घे". रागावले असते तर मी पुरून उरले असते. पण ते माझ्याकडे असं बघत होते, की ही बाई नक्की कोण, आणि हिच्याबद्दल आपण इतकी वर्षं लोकांना काय सांगत आलो.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर वही घेऊन पुढ्यात आले. डब्यामागची जागा त्यांना कधीपासून ठाऊक होती कोण जाणे. एकेक पान उलटलं. रेघा, भाकऱ्या, दोन जागी बसून काढलेला तांब्या.

"हे सगळं तुझं?"

"असलं दुसरं कोण काढील?"

बांगड्यावर थांबले. मासे पारखण्यात हे पटाईत. "कल्ला पुढे गेलाय," म्हणाले. "पण ताजा आहे. डोळ्यावरून कळतं."

एवढी शाबासकी मला त्या होडीवरून कधी मिळाली नव्हती. होडीची मिळाली ती सगळी ताईची.

ह्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली, केसांवरून हात फिरवला आणि बसले. "माझं काढ."

"माणसाचा चेहरा वर्षभर काढायचा नाही, बाईंनी सांगितलंय."

"बाईंना कोण सांगतंय?"

उजेड डावीकडून येत होता. मी कपाळ वळतं तिथे एक ठिपका घातला, नाकाच्या टोकाला एक, हनुवटीखाली दोन. वर बघितलं तर श्वास रोखून बसलेले.

"पोट सोडा हो. तोंड तेवढं काढतेय."

"असू दे," म्हणाले, आणि पाऊण तास पोट आत ओढून तसेच बसून राहिले.