अठरा की सत्तेचाळीस

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पावतीबाईंनी एकसष्टावी वस्तू तिच्या नंबराच्या जागी उभी केली. टेबलावर दोन उरल्या. दोन्ही भरतकामाच्या, दोन्ही हंसांच्या, दोन्हींना संग्रहालयानेच बसवलेली एकाच मापाची पांढरी फ्रेम. रजिस्टरमध्ये अठरा नंबरापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'भरतकाम, तळ्यातला हंस'. सत्तेचाळीस नंबरापुढेही तेच.

हे कलासंग्रहालय वस्तीतल्या लोकांनी चालवलेलं, एका बंद पडलेल्या टपाल कार्यालयाच्या दोन खोल्यांत आणि अंगणात. उन्हाळ्यात त्याला जाग येते. शनिवारी गाणी, अंगणात चित्रं, मातीकाम, आणि चार आठवडे 'आमच्या भिंतीवरून' नावाचं प्रदर्शन. शेजारपाजारचे लोक आपल्या घरातली एकेक वस्तू त्यासाठी उसनी देतात. ती घ्यायची, पावती द्यायची, शेवटी सही घेऊन परत करायची, हे पावतीबाईंचं काम. नऊ उन्हाळे हेच केल्यावर खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. घरी नवराही चहाचा कप हातात घेताना विचारतो, "सही कुठे करू?"

त्याआधी चौदा वर्षं त्या लाँड्रीच्या काउंटरवर होत्या. तिथला शिरस्ता असा की, कपडा तयार झाला की त्याची नंबराची चिठ्ठी काढायची आणि घडी नंबराच्या क्रमाने फळीवर ठेवायची. गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू कोरी गेली पाहिजे. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की इथेही त्या परतीच्या दोन दिवस आधी सगळ्या फ्रेमांच्या मागच्या चिठ्ठ्या सोलून, पाठी ओल्या फडक्याने पुसून, क्रमाने रांग लावायच्या. नऊ वर्षांत रांग कधी हलली नव्हती. यंदा शनिवारच्या गाण्यांना गर्दी लोटली आणि खुर्च्या मांडणाऱ्या काकांनी टेबलं सरकवली.

"काका, उचलताना क्रम बघितला होता का?"

"क्रम कसला, बाई! दाराशी पन्नास माणसं उभी. पण एक काच फुटली नाही, ते बघा की."

पावतीबाईंनी दोन्ही हंस उजेडात धरले. चोच, पंख, पाण्याच्या तीन रेघा. डावीकडचा उजवीकडे ठेवला, आणि मग आधी कोणता कुठे होता तेच आठवेना. संचालकबाईंचं बोलणं मात्र स्पष्ट आठवत होतं: लोक या रजिस्टरच्या भरवशावर घरातली वस्तू देतात, एक जरी भलत्या घरी गेली तर पुढच्या उन्हाळ्यात कोण देईल?

त्यांनी मनाशी ठरवलं, मालकीण आपली वस्तू ओळखेलच.

अकराला अठरा नंबर आली. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेली, चष्मा दोरीने गळ्यात. तिने दोन्ही हंस पाहिले आणि म्हणाली, "समोरून मी काय सांगणार? आईने समोरून फरक ठेवूच दिला नव्हता. पाठ दाखवा."

पावतीबाईंनी पकडीने खिळे काढले. एका कापडाची उलटी बाजू जवळजवळ सुलटीइतकीच नीट. दुसऱ्याची म्हणजे गाठींचं रान.

"हा माझा," तिने नीटवाल्यावर बोट ठेवलं.

पावतीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या पेनाचं टोपण काढतात तोच मागून आवाज आला, "यांना सांगा, तो माझा आहे." नर्सच्या गणवेशातली एक बाई सत्तेचाळीस नंबरची पावती हातात घेऊन उभी होती.

या दोघी बहिणी होत्या, आणि नऊ वर्षं त्यांचं बोलणं नव्हतं, हे पावतीबाईंना पुढच्या दोन मिनिटांत कळलं.

"हिची पाठ नीट? हिच्या गाठी बघून आई म्हणायची, उंदरं शिरतील यात!" थोरली म्हणाली.

"ते यांना म्हणायची. मी तिथेच बसलेली होते."

"बरं, मग मानेजवळ निळा धागा कुणाचा? पांढरा संपला म्हणून तू मागून निळा ओवला होतास."

तिघींनी वाकून पाहिलं. निळा धागा गाठीवाल्यात होता.

"बघा!" थोरली.

"ओवला मीच," धाकटी अडखळली, "पण तो तुझ्या हंसात. तुला ताप होता, ताई. मान मी भरून दिली तुला."

"ताप? मग तुझे पंख कुणी भरले?"

"कोणते पंख?"

थोरलीने चष्मा लावला, काढला. पावतीबाईंचं डोकं पार भंजाळलं होतं. पुरावा जितका वाढे तितका घोळ वाढे, आणि आता त्या दोघींनाही आपापल्या हाताची खात्री उरली नव्हती.

"जाऊ दे," थोरली म्हणाली. "बाई, तुमच्या रजिस्टरात काय आहे ते सांगा. आम्ही मानू."

धाकटीनेही मान हलवली.

पेन हातात होतं. एकावर अठरा, दुसऱ्यावर सत्तेचाळीस एवढंच म्हणायचं होतं. कुणी शंका घेतली नसती. पाठीवर चिठ्ठी का नाही, हे अजून कुणी विचारलंही नव्हतं. पावतीबाईंनी रजिस्टर दोघींकडे फिरवलं.

"यात फक्त 'हंस' लिहिलंय. नंबराच्या चिठ्ठ्या होत्या, त्या मी काढल्या. परवाच. रांग हलली, आणि आता मला माहीत नाही."

"तुम्हालाच माहीत नाही?" थोरली तडकली. "मग पावती कसली देता?"

आपण नऊ वर्षं नक्की कशाची पावती देत होतो, ते पावतीबाईंनाही त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"मावशीला आणू," धाकटी शेवटी म्हणाली. "आई शिकवायची तेव्हा ती समोर असायची."

"ब्याऐंशी वर्षांची आहे ती. तिला आठवेल?"

"तुझ्या गाठी आठवतील."

दोघी गेल्या, एकीमागे एक, मध्ये अंतर ठेवून. पावतीबाईंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'चिठ्ठ्या मी काढल्या. कोणता कुणाचा, नक्की नाही.' खाली सही केली आणि रजिस्टर उघडंच संचालकबाईंच्या टेबलावर ठेवलं.

उद्या सोमवार, म्हणजे संग्रहालय बंद. पण दोघी मावशीला घेऊन येणार म्हणून मागचं दार पावतीबाई साडेदहाला उघडतील. धाकटीची दवाखान्यातली पाळी दोनला सुरू होते.