कृष्णेवरचा समुद्राचा कायदा

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राचे कायदे इतक्या निष्ठेने पाळणारा माणूस माझ्या आत्याच्या यजमानांशिवाय जगात दुसरा नसेल. एवढं ठामपणे बोलण्याइतकं जग मी पाहिलेलं नाही, हे मला मान्य आहे. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच, आणि माझं जग कराडच्या पुढे फारसं गेलेलं नाही. पण कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णेचे दोन्ही काठ धुंडाळले तरी असा माणूस सापडणार नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

आम्ही त्यांना मामा म्हणतो. आम्ही म्हणतो म्हणून सगळं गावही मामाच म्हणतं. मामा मूळचे औंधच्या पलीकडच्या कोरड्या माळावरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. लहानपणी त्यांनी ओढ्यालासुद्धा धड पाणी पाहिलं नव्हतं. असा माणूस तरुणपणी मुंबईला गेला आणि थेट बंदरात लागला. मोठं जहाज बंदरात आणायचं तर वाट दाखवायला बंदराचा माणूस जहाजावर चढवावा लागतो. त्या माणसाला जहाजापर्यंत नेणाऱ्या लाँचवर मामांनी सगळी नोकरी काढली. इंजिनाच्या शेजारी उभं राहून त्यांचे कान थोडे गेले, पण समुद्राचा एकेक नियम डोक्यात पक्का बसला. निवृत्त झाल्यावर ते स्वतःच्या गावी गेले नाहीत, सासुरवाडीला येऊन राहिले. लोक हसले. मामा म्हणाले, "आमच्या गावाला धक्का न्हाई, तुमच्या गावाला हाय." धक्का म्हणजे आमचा नदीचा घाट, जिथे म्हशी धुतात.

नियम पाळायला समुद्र लागतो, असं मामांना कधी वाटलंच नाही. त्यांच्या दाराच्या डाव्या हाताला लाल दिवा आणि उजव्या हाताला हिरवा दिवा लागतो, कारण जहाजाला तसे असतात. ते दिवे पाहून एकदा एक ट्रकवाला ढाबा समजून आत आला आणि खाटेवर बसून त्याने आमलेट मागितलं. आत्याने त्याला पिठलं-भाकरी वाढली. तो गेल्यावर ती कुरकुरली, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "बंदरात आलेल्याला माघारी धाडायचं नसतं."

रस्त्यावर मात्र त्यांचा कायदा जरा महागात पडायचा. समोरासमोर आलेल्या दोन जहाजांनी आपापल्या उजवीकडे वळायचं असतं. मामा एकदा स्कूटरवरून कॅनॉलच्या रस्त्याने येत होते. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. मामा उजवीकडे वळले. ट्रॅक्टरवाला रस्त्याच्या नियमाने त्याच्या डावीकडे वळला, म्हणजे दोघेही एकाच बाजूला आले. मामा स्कूटरसकट उसात गेले. लोकांनी बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या कानात पाचट होती आणि ते ट्रॅक्टरवाल्याला समजावत होते, "गड्या, माझी बाजू कायद्यानं बरोबर हाय." आत्या तिथे पोचली आणि म्हणाली, "कायदा अजून आतच पडलाय, तेवढा बी काढा."

आणि त्यांची ती पितळी शिट्टी. समुद्रात जहाजं भोंग्याने बोलतात. एक आखूड भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे मागे सरतोय. मामा अंगणातून गोठ्याकडे वळताना एक शिट्टी द्यायचे आणि अंघोळीची बादली घेऊन मागे सरताना तीन. घाईने वाजवलेल्या पाच आखूड शिट्ट्यांचा अर्थ असा, की तुझा इरादा मला कळत नाही, टक्कर होईल. या पाच शिट्ट्या बहुतेक वेळा आत्यासाठीच वाजायच्या. ती माहेरच्या माणसांची बाजू घेऊन भांडायला लागली की मामा वाद घालत नसत, शिट्टी तोंडात धरत. शेजारच्या बायकांना बाहेरूनच कळायचं, आज मामांचं काही चालत नाही.

देशाचा बंदरांचा शंभर वर्षांहून जुना कायदा जाऊन नवा आला, त्या दिवशी मामांनी गावात पेढे वाटले. लोकांनी पेढे खाल्ले आणि मग विचारलं, "कशाचं हो मामा?" मामांनी सांगितलं.  पारावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग आपल्या गावाला बंदर मिळालं व्हय?" मामा म्हणाले, "मिळालं न्हाई. पर देशाचं हाय न्हवं."

या सगळ्यावर मीही हसायचे. माझं हसणं थांबलं ते आमच्या नावेमुळे. आमचं गाव नदीच्या अलीकडे आणि कराडचा रस्ता पलीकडे. पुलावरून वळसा घालून जायचं तर एसटी कॉलेज सुरू झाल्यावर पोचते आणि परत येताना अंधार होतो. त्यामुळे रोज सकाळी मी ग्रामपंचायतीच्या नावेने पलीकडे जाते. गेल्या पावसाळ्यानंतर तालुक्याहून निरोप आला, की ज्या नावेत माणसं कोंबतात ती नाव बंद होणार. यात्रेच्या दिवशी साहेब स्वतः येऊन बघणार होते. वडिलांना मी विचारलं, नाव बंद झाली तर माझ्या कॉलेजचं काय. ते वैरण कापत होते. म्हणाले, "तवा बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय, हे म्हशीलासुद्धा माहीत आहे.

मी मामांकडे जाऊन नुसती बसले. वडिलांचं 'बघू' आत्याच्या कानावर गेलं होतं, तिने सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मामा देवळाच्या रंगकामातला उरलेला लाल ऑइलपेंट घेऊन घाटावर आले आणि नावेच्या दोन्ही अंगांना त्यांनी एकेक आडवी रेघ ओढली. प्रत्येक जहाजावर अशी खूण असते म्हणे. जहाज भरताना ती पाण्याखाली गेली, तर जहाजाने धक्का सोडायचा नाही, मालक कितीही मोठा असो. मामांनी हे घाटावर सगळ्यांना समजावलं. बायकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून रेघेला हळद-कुंकू वाहायला सुरुवात केली. पंधरवड्यात रेघ कुठे आणि कुंकू कुठे ते कळेनासं झालं. मामा खूश होते. म्हणाले, "कायद्याच्या पाया पडणारं गाव मी मुंबईत बी बघितलं न्हाई."

पण पाया पडणं वेगळं आणि पाळणं वेगळं. यात्रेला आमची देवी पालखीतून नदी ओलांडून पलीकडच्या थोरल्या बहिणीला भेटायला जाते. पालखीबरोबर पहिल्या नावेत बसण्याचा मान ठरलेल्या घराण्यांचा असतो. छत्रीचा मान एकाचा, चवरीचा दुसऱ्याचा, दिवटीचा, शिंगाचा, ढोलाचा, आणि सगळ्यांच्या वर पाटलांचा. घराणी वाढली तसे मानकरी वाढले, नाव मात्र तेवढीच राहिली. आमच्याकडे माणूस एक वेळ बांध सोडेल, पण मान सोडणार नाही.

त्या दिवशी साहेब घाटाच्या वरच्या पायरीवर उभे होते. मी आत्याजवळ ओवाळणीचं ताट धरून उभी होते. पालखी चढली. मग मानकरी चढले, त्यांची मुलं चढली, ढोल चढला. नाव खाली खाली गेली आणि कुंकवाने माखलेली रेघ पाण्याखाली गेली. नदीत थोडा वेळ लाल रंग पसरला. मामांनी पाच आखूड शिट्ट्या दिल्या.

"मामा, शुभ वेळंला शिट्टी का?" पाटलांनी नावेतून विचारलं.

"रेघ बुडाली, अण्णा. थोडी माणसं उतरली पायजेत."

"उतरतील की. कोण उतरायचं ते सांगा."

छत्रीवाला म्हणाला, "छत्री उतरली तर देवीला ऊन लागंल." चवरीवाला म्हणाला, "माझ्या पणज्यापासनं चवरी पहिल्याच नावंत हाय." ढोलवाल्याने ढोल फक्त घट्ट धरला.

"समुद्रात असं चालत न्हाई," मामा म्हणाले.

"मामा, हितं समुद्र कुठाय?" कुणीतरी म्हणालं आणि सगळी नाव हसली. हसल्याने ती आणखी हलली. साहेबांनी खिशातून मोबाइल काढला.

 मामांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि परत खाली घेतली. माझ्या मनात मी पुस्तकं ट्रंकेत भरूनही टाकली होती.

तेव्हा आत्या त्यांच्या चांगल्या कानाशी वाकली. "आवं, कायदा सांगून न्हाई उतरायची ही. मान सांगा."

मामांनी तिच्याकडे बघितलं. मग टोपी नीट केली आणि मोठ्याने म्हणाले, "मंडळी, समुद्रात एका जहाजानं वाट द्यायची असती, तवा दुसरं पार जातं. वाट देणाऱ्याच्या हातात दोघांचा जीव असतो. आज देवीला वाट द्यायची हाय. वाट द्यायचा मान अजून कुण्या घराण्याचा न्हाई. जो उतरंल त्याचा मान, आन् पैला नारळ त्याला."

आत्याने ताटातला नारळ उचलून त्यांच्या हातात दिला.

नावेत कुजबुज झाली. नवा मान गावात कित्येक पिढ्यांत निघाला नव्हता. पाटील धोतर सावरून उठले. "वाटंचा मान पाटलाचा," म्हणाले आणि गुडघाभर पाण्यात उतरले.

"असं कसं? समदंच पाटलाचं व्हय?" छत्रीवाला छत्रीसकट उतरला. मागोमाग चवरी, दिवटी, शिंग आणि ढोल. मग पालखीचे भोई पालखी ठेवून उतरले. सगळ्यात शेवटी नावाड्याने वल्हं खाली ठेवलं.

"तू कुठं चाललास रं?" मामांनी विचारलं.

"माजा बी मान हाय की," नावाडी म्हणाला.

आता नावेत एकटी देवी होती. रेघ पाण्याच्या वर टच्च दिसत होती, ओली आणि लालभडक. साहेब पायरीवर बसून डोळे पुसत हसत होते. मग मामांना उलटं काम लागलं. एकेकाच्या हातापाया पडून त्यांनी भोई चढवले, नावाडी चढवला, छत्री चढवली. देवी आरामात पार गेली. बाकीचा सगळा लवाजमा पुढच्या खेपांनी गेला, आणि प्रत्येक खेपेला मागे राहणाऱ्यांनी नारळ वसूल केला.

शेवटची खेप, ढोलाची, निघायच्या आधी साहेब खाली आले. म्हणाले, "मामा, समुद्राचा कायदा नदीला लागू नाही, हे तुम्हाला माहीत असेल."

"म्हाईत हाय, साहेब."

"पण रेघ राहू द्या. नावही राहू द्या. प्रत्येकाला तरंगायचं जाकीट मात्र पाहिजे."

घाटावर ढोल वाजला तो काही देवीसाठी नव्हता. पोरांनी मामांना खांद्यावर घेतलं आणि मामा वरून, मागे सरतोय म्हणून, तीन शिट्ट्या देत राहिले. वडील गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आले.  मग म्हणाले, "उद्या किती वाजता हाय कालेज?"

आता जाकिटं आली आहेत, नारिंगी रंगाची. प्रत्येकाला दोरीने एक छोटी शिट्टी बांधलेली आहे, तसा नियमच आहे म्हणे. थंडीत सकाळी नदीवर इतकं धुकं असतं की नाव निघाली की घाट दिसत नाही. धुक्यात थोड्या थोड्या वेळाने लांब भोंगा द्यायचा असतो, म्हणजे दुसऱ्याला कळतं की इथे कुणीतरी आहे. मामा रोज घाटावर येतात आणि मी पलीकडे पोचेपर्यंत लांब शिट्टी देत राहतात. पलीकडे उतरले की मी जाकिटाची शिट्टी वाजवते. सुरुवातीला लाज वाटायची, आता वाटत नाही. ती बारीक शिट्टी मामांना ऐकू येत नाही, हे मला आत्याने अलीकडेच सांगितलं. म्हणून तीही आता शाल गुंडाळून त्यांच्या शेजारी उभी असते. माझी शिट्टी पोचली की ती त्यांच्या दंडाला हात लावते. मग धुक्यातून एकच आखूड शिट्टी येते, मी उजवीकडे वळतोय अशी. त्यांचं घर घाटाच्या उजवीकडे आहे.