गेटवरचा वसंता

नागपूरहून परतताना जामच्या चौकात गाडी चहाला थांबली, तिथे आमच्या गिरणीच्या ड्रायव्हरनं मला गाठलं. "तुमचे वसंताभाऊ गेले नं सकाळी... छातीत दुखलं म्हने." मी तिथेच बाकड्यावर बसून रडलो. आज महिनाभरानं लिहायला बसलोय, तो मात्र चिडून. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मित्रावर रागावायचं नाही तर कुणावर?

वसंता गिरडचा, मी अल्लीपूरचा. सूतगिरणीत कॉम्प्युटर आला तेव्हा आम्हा दोघा कारकुनांना शिकायला नागपूरला धाडलं. मी प्रोग्रॅम लिहू लागलो, तो तपासू लागला. तपासणारा कशाला लागतो हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं. त्या कामात ना बढती, ना शाबासकी. दुसऱ्याच्या कामात खोट काढणारा म्हणून शिव्याच फार. तरी हा गडी मशीनसमोर टपून बसायचा. एकाच नावाची दोन माणसं घाल, सुटीच्या दिवशी हजेरी लाव, नको ते बटण दाब... आणि माझा प्रोग्रॅम कोलमडला की पोरासारखा खूश व्हायचा. एकदा वैतागून विचारलं, "काऊन रे, तुले काय भेटते यातून?" तो म्हणाला, "गेटवर कामाले आलेल्या मानसाले चूक सापडली तर त्याची रोजी जाते. मले सापडली तर निस्ता तुहा चहा थंडा होते." आणि मग हळूच, "भरवशाच्या मानसाचीच चूक काढतो मी. बाकीच्याले हो हो म्हनून सोडून देतो." त्या वाक्यावर मी त्याची सगळी कटकट सोसली.

मग पाळ्यांचा प्रोग्रॅम आला. कोणता कामगार कोणत्या मशीनवर, ते दर सोमवारी छापून गेटवरच्या फळ्यावर लागायचं. त्या दिवसांत माझी मुलगी वर्ध्याला दवाखान्यात होती. मी जाऊन-येऊन तो लिहिला. वसंतानं एका बैठकीत पाहिला आणि म्हणाला, "बराबर हाये. चालू दे." मी हरखलो! वसंताला ज्यात खोट सापडली नाही असा प्रोग्रॅम आपण लिहिला, हे मी सोयऱ्याधायऱ्यांत सांगत सुटलो. त्यानंतर दर सोमवारी तो पहाटेच गेटवर जाऊन उभा राहायचा. का म्हणून विचारलं तर म्हणे, "तुहं काम पाह्यले येतो." माझी मान ताठ व्हायची.

तो गेल्यावर एका सोमवारी मन राहवेना, म्हणून मी त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो. फळ्यापुढे दोन कामगार एकमेकांकडे बघत होते. एकाच मशीनवर दोघांची नावं. एक रजेवरून परतलेला, दुसरा त्याच्या जागी लावलेला बदलीवाला. कायमचा माणूस परतला की बदलीवाल्याचं नाव काढायचं, हे माझ्या प्रोग्रॅममध्ये नव्हतंच. बदलीवाल्यानं डबा उचलला आणि घरची वाट धरली. मी त्याला थांबवलं.

"हे कधीपासून होऊन राह्यलं?"

"पह्यल्यापासूनच, साहेब. वसंताभाऊ दुसऱ्या मशिनीवर लावून देत."

"मंग मले काऊन नाई सांगतलं कोनी?"

रजेवरून आलेला म्हातारा खाली पाहत म्हणाला, "त्यायनंच मना केलतं. म्हनत, साहेबाची पोरगी बिमार होती तवाचं काम हाये. त्याले नका सांगू."

सगळ्या गेटला ठाऊक होतं. एक मी सोडून! पोरगी बरी होऊन शाळेत जाऊ लागली, पाढे म्हणू लागली, तरी यानं तोंड उघडलं नाही. वसंता, तू माझ्यावर दया केलीस रे... आणि मी तिला भरवसा समजून बसलो. कुणी मागितली होती तुझी दया? अर्ध्या तासाचं काम होतं ते!

त्याच दुपारी मी दुरुस्ती केली. पुढच्या सोमवारी फळ्यावर एकाही मशीनपुढे दोन नावं नव्हती, बदलीवाल्याचं नाव निघालं होतं. मी स्वतः बोट ठेवून पाहिलं. तेवढ्यात तोच बदलीवाला आला. फळ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. डबा बगलेत धरून सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आज कोन्या मशिनीवर जाऊ?"