सुपारी नसलेला बँड

माझे वडील लग्नाच्या बँडचे मास्तर होते. क्लॅरिनेट वाजवायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी एका कादंबरीवर चिडणार आहे आणि का चिडले ते कळायला हवं. सोलापुरात सत्तरच्या दशकात आमच्या पेठेतला नवरदेव घोड्यावर बसला की पुढं आप्पाच असायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि चाल अशी ऐटीची की बघणाऱ्यानं नवरदेव सोडून त्यांच्याकडंच बघावं. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा पोरी विचारायच्या, तुझे वडील काय करतात गं? मी सांगायची, बँडमास्तर आहेत, तुझ्या लग्नातपण येतील, काळजी करू नकोस. लाज वगैरे आपल्याला कधी वाटली नाही. कुणी नाक मुरडलं तर त्याचं नाक जागेवर आणायची जीभ मला देवानं दिली होती.

आषाढ लागला की लग्नं बंद. मग थेट गणपतीपर्यंत बँडला सुपारी, म्हणजे ठरलेलं काम, नसायचं. त्या दिवसांत दुपारी सगळे आमच्या पत्र्याच्या खोलीत जमायचे आणि चिंच-राख घेऊन पितळेची वाद्यं घासत बसायचे. त्यातले दोघं रोजचे. एक ट्रंपेटवाले काका. घरी त्यांचा माग होता, चादरी विणायचे, घरात तेलुगू बोलायचे आणि आमच्यात येऊन मराठीत भांडायचे. दुसरे ढोलवाले चाचा. त्यांचे पुढचे दोन दात गेलेले, पण हसायचे मात्र सगळं तोंड उघडून. घासून घासून हात भरून यायचे, म्हणून मी काहीतरी मोठ्यानं वाचून दाखवायची. पेपर, दिवाळी अंक, भुताच्या गोष्टी, हाताला येईल ते.

एका वर्षी वाचनालयातून नवी कोरी कादंबरी आणली. मुंबईची चार पोरं रॉक बँड काढतात, अशी. बँडची गोष्ट आहे म्हटल्यावर सगळे सरसावून बसले.

"मास्तर कोन त्यांच्यात?" काकांनी पहिल्याच पानाला विचारलं.

"मास्तर नाही, काका. चौघं सारखेच."

"मग सुरू कर म्हनून सांगतंय कोन?"

पुढची पाच-सहा प्रकरणं ती पोरं एका गॅरेजात नुसती वाजवतच बसली. आप्पांना काही केल्या हे पटेना. "सुपारी न्हाय, वरात न्हाय, आन् रोज वाजवत्यात. कुनासाठी गं?"

"स्वतःसाठी, आप्पा."

"त्यांचे बाप काय म्हनत न्हाईत?"

चाचांना काळजी होती ती ड्रम वाजवणाऱ्या पोराची. "बैठके बजाता क्या? पाँवां दुखते होंगे बेचारे के." त्यांचा ढोल आयुष्यभर पोटावर बांधलेला, चालता चालता बडवायचा. बसून वाजवणारा माणूस आजारीच असणार, हे त्यांनी ठरवून टाकलं. रोज आल्यावर आधी विचारायचे, उस बच्चे की तबियत कैसी है?

पण लिहिणारा गडी लई हुशार होता, हे मान्य करावंच लागेल. एके ठिकाणी त्यानं लिहिलं होतं की सगळे मिळून सुरू करण्याच्या आधी चौघंही एकदमच श्वास घेतात, आणि त्या एवढ्याशा वेळात त्यांच्यात भांडण म्हणून काही उरत नाही. आप्पांचा हात क्लॅरिनेटवर तसाच थांबला. "ह्ये बराबर हाय," म्हणाले. "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं. कुठला कोण लेखक, पण मला तो घरचा वाटायला लागला. वाटलं, आमच्या खोलीतली गोष्ट पुस्तकात गेली की!

पुढं त्या पोरांचं फाटलं. गाणी कुणी बांधली यावरून भांडले आणि पांगले. आमच्या खोलीतही दोन तट पडले, काका गाणाऱ्याच्या बाजूनं आणि चाचा अर्थातच ड्रमवाल्याच्या. मला राहवेना. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यात बसून मी पुढचं एकटीनंच वाचून काढलं. आणि ते पान आलं.

गाणारा पोरगा बेकार होऊन रस्त्यानं चाललाय. समोरून लग्नाची वरात येते. पुढं बँड. मळके लाल कोट, फाटलेली झालर, बेसूर पिपाण्या, एक बोळका ढोलवाला. त्यांना बघून त्या पोराला मळमळतं. मनात म्हणतो, यांच्यात उभं राहण्यापेक्षा मी माझी बोटं तोडून घेईन.

माझी कानशिलं तापली. मेल्या, तुला श्वासापर्यंत सगळं कळलं, मग एवढं कसं कळलं नाही? आमचे कोट दर हंगामाआधी आई धुऊन, इस्त्री करून ठेवते. पण माझा राग एक वेळ राहू दे. घरी सगळे वाट बघत बसलेले. ते पान आप्पांच्या तोंडावर वाचायचं कसं? ज्या माणसानं मान वर करून जगायला शिकवलं, त्याची मान माझ्याच आवाजानं खाली जाणार होती. वाटेत ठरवलं, सांगायचं की वाचनालयानं पुस्तक परत मागितलं.

घरी आले तर चाचांनी आज भजी आणलेली. आप्पांनी माझ्यासाठी जागा पुसून ठेवलेली. खोटं काही तोंडातून निघेना.

"पुढं वाईट लिहिलंय," मी म्हणाले. "बँडवाल्यांबद्दल. मी नाही वाचणार."

"त्यो वळखतो का आपल्याला?" आप्पा.

"नाही."

"मग वाच. वरातीत कुनी शिवी दिली म्हनून वाद्य खाली ठिवलंय का आपन कधी? नवरदेव दारात पोचवायचा, मग बगू."

वाचलं. बोटं तोडण्यापर्यंत सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही. घासणारे हात थांबले. काका ताडकन उठले. "चुलीत घाल ते पुस्तक!" चाचांनी हळूच तोंडात बोट घालून दातांची जागा चाचपली. "मेरेकू कब देखा रे इसने?" म्हणाले, आणि स्वतःच एवढं हसले की आम्हालाही हसावं लागलं. आप्पा हसले नाहीत. त्यांना लागलं होतं, मला दिसत होतं. ते फक्त म्हणाले, "फुडं."

मी पुढं वाचत गेले. शेवटचं पान आलं. भाड्याच्या खोलीत तो पोरगा एकटा बसलाय. गिटार खुंटीला. खाली रस्त्यावर गाड्या जातायत. संपलं. सांगते, फार सुंदर लिहिलं होतं. आजही कुणी विचारलं तर कादंबरी चांगली आहे असंच सांगते. आणि ते लग्नाच्या बँडचं पान आठवलं की आजही डोकं फिरतं. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?

 मग काकांनी विचारलं, त्याच काकांनी, ज्यांना पुस्तक चुलीत घालायचं होतं. "मग? त्याला न्यायला कुनी आलं न्हाय?"

"नाही."

"ते तिघं?"

"नाही, काका. कुणीच आलं नाही."

"असं कसं? बँड हाय का काय त्यो!"

आमच्यात एक रीत होती. कुणी रुसून बँड सोडून गेला की बाकीच्यांनी मिळून त्याच्या घरी जायचं आणि बसायचं. भांडणाचा विषय काढायचा नाही. त्यानं चहा दिला की मिटलं. खुद्द काका इतक्यांदा रुसले होते की त्यांच्या घरची कपबशी सगळ्यांच्या ओळखीची झाली होती.

"आपन गेलो असतो की," काका म्हणाले.

मी चारचौघींसारखी रडणारी नाही, पण माझे डोळे भरले. ज्यानं यांच्यात उभं राहायला नको म्हणून बोटं तोडायची भाषा केली, त्याला आणायला ही माणसं निघाली होती. ही माझी माणसं. मला इतका अभिमान वाटला की छातीत मावेना.

आप्पांनी क्लॅरिनेट उचललं, फडक्यानं पुसलं. "जाऊन काय करतोस? आपल्याला बगून मळमळतंय त्याला. चा देनार हाय व्हय त्यो?"

"न देऊन सांगतोय कुनाला!" काका म्हणाले. "देईपर्यंत दारात बसलो असतो."