मेघाचं काय काय छापलं

मेघा आमच्या स्वयंपाकघरात यायची ती उंबऱ्याला हात लावून. "अगं, देऊळ आहे का हे?" मी विचारायची. "समोरच्या टीमचा एरिया आहे ना, मावशी! लाइन क्रॉस करायच्या आधी हात लावणं पडतं." मग डब्यातली मूठभर सेव तोंडात. ती कबड्डीच्या लीगमध्ये पगार घेऊन खेळायची आणि राजेंद्र नगरात आमच्या शेजारी वडिलांबरोबर राहायची. आई लहानपणीच गेलेली, म्हणून तिच्याशी भांडायला मी.

तिच्याकडे सगळ्यांवर एकच औषध. बाबांचं बीपी वाढो की माझी भाजी करपो, "टेंशन मत ले, भिया!" इथल्या हिंदीत भिया म्हणजे भैया, पण मलासुद्धा भियाच. मॅच संपल्यावर फोटो मागणाऱ्या कुणालाही तिने कधी नाही म्हटलं नाही. उलट बुजऱ्यांना खांद्याला धरून जवळ ओढायची. "हसा ना भिया, चालान थोडीच कटतंय!"

अशाच एका फोटोतला परदेशीपुऱ्याचा मुलगा. त्याने महिनोन्महिने मेसेज पाठवले, तिने ब्लॉक केलं, आणि एका सकाळी जिमच्या दारात त्याने तिच्या पोटात चाकू खुपसला. लोकांनी त्याला तिथेच धरला. दुपारपर्यंत टीव्हीवर तोच फोटो, दोघांभोवती लाल गोल: 'क्या था रिश्ता?' दुसऱ्या दिवशी पेपरात 'प्रेम प्रसंग में चली छुरी'. चाकू मारला त्याने आणि चौकशी हिची!

आयसीयूत शुद्धीवर आल्यावर तिने पोटाचं विचारलंच नाही. म्हणाली, "मावशी, बाबांनी पेपर वाचला का? मी त्याला ओळखत पण नाही गं. एवढं एक छापायला लाव ना."

मी तावातावाने तुकोगंजला पेपरच्या ऑफिसात गेले. वार्ताहर पोरगा भलताच गोड. "बैठिए मौसीजी, पानी लेंगी?" मी त्याला बजावून सांगितलं, या मुलीच्या घरी कोच सरांशिवाय परका पुरुष कधी आलेला नाही, आणि तेही येतात ते बाबांना भेटायला. सकाळी छापून आलं: 'मौसी ने खोले राज, कोच का था घर आना-जाना'. बाबांना मेल्याने अलगद गाळलं होतं.

कोच सरांनी हॉस्पिटलला येणं बंद केलं. टीमवाल्यांचा फोन आला, इमेजचा प्रश्न आहे, करार इथेच थांबवू. बाबा कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी पुन्हा तुकोगंजला निघाले, तर मेघाने माझा पदर धरला. "नको मावशी. तू आता कोणाशीच काही बोलू नको. बोललं की त्यांना नवी न्यूज मिळते. प्रॉमिस कर." मी केलं.

पोटातलं इन्फेक्शन पसरलं आणि ती गेली. त्या मुलाचा राग येतो, येणारच. पण पाणी विचारणाऱ्या त्या गोड पोराचा मला जास्त येतो. स्मशानाबाहेर तो मोबाइल पुढे करून उभा होता. "मौसीजी, कुछ कहना चाहेंगी?" माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! सगळं गिळलं, तोंडाला पदर लावला आणि रिक्षात बसले.

सकाळी पहिल्या पानावर माझा फोटो. वर मोठ्या अक्षरांत: 'मौसी की चुप्पी से गहराया राज'.